हुंडणावळीचा वाद आणि श्रमजीवी वर्ग

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात एक वाक्य ठरलेले असते. चलनाचा विदेशी भाव उतरला की देशाला निर्यातीत फायदा होतो आणि आयात महाग पडते. भाव चढला की याच्या उलट घडते. विद्यार्थी असताना मी हे वाक्य पाठ केले, परीक्षेत लिहिले आणि गुण मिळवले. पुढे शिक्षक झाल्यावर तेच फळ्यावर लिहू लागलो. या वाक्यातील ‘देश’ म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न मला पदवी घेताना पडला नाही आणि पदव्युत्तर वर्गातही पडला नाही. तो पडला ‘रुपयाचा प्रश्न’ हा बाबासाहेबांचा ग्रंथ नीट वाचू लागल्यावर. आणि तो ग्रंथ मी पुष्कळ उशिरा वाचला हे कबूल केले पाहिजे.

या ग्रंथाचा आपल्या चळवळीतला अनुभव चमत्कारिक आहे. चौदा एप्रिलच्या व्यासपीठावर त्याचे नाव हमखास निघते. बाबासाहेबांच्या या ग्रंथावरून रिझर्व्ह बँक निघाली असे वक्ता सांगतो, टाळ्या पडतात आणि ग्रंथ पुन्हा कपाटात जातो. त्यात बाबासाहेबांनी कोणाच्या बाजूने आणि कोणाच्या विरुद्ध युक्तिवाद केला हे सांगणारा वक्ता क्वचितच भेटतो. या लेखात तो युक्तिवाद समजून घेण्याचा प्रयत्न आहे.

विलायतेच्या चलनाशी रुपयाचा जो विनिमयाचा दर असे त्याला आपल्याकडचे जुने लोक हुंडणावळ म्हणत. त्याचे गणित अवघड नाही. एक पौंड म्हणजे वीस शिलिंग आणि एक शिलिंग म्हणजे बारा पेन्स. रुपया एक शिलिंग चार पेन्सांचा असेल तर एका पौंडाला पंधरा रुपये पडतात. तोच एक शिलिंग सहा पेन्सांचा झाला की पौंडाला तेरा रुपये, पाच आणे, चार पै पडतात. आता वऱ्हाडातला कापूस लिव्हरपूलला दहा पौंडांना विकला गेला असे धरा. पहिल्या दराने व्यापाऱ्याच्या हाती दीडशे रुपये येतील, दुसऱ्या दराने एकशे तेहतीस रुपये आणि वर काही आणे. कापूस तोच, विलायतेतली किंमतही तीच, तरी इथल्या हिशोबात सोळा-सतरा रुपयांचा फरक पडला. हा फरक कोणाच्या खिशातून कोणाच्या खिशात गेला, एवढ्यावर या देशात पन्नास वर्षे भांडण चालले.

भांडणाची सुरुवात चांदीपासून झाली. १८३५ पासून कंपनी सरकारचा रुपया चांदीचा होता आणि टांकसाळ सर्वांना खुली होती. कोणीही चांदी न्यावी आणि थोडा आकार देऊन रुपये पाडून घ्यावेत. १८७१ नंतर जर्मनीने सोन्याचे चलन धरले, फ्रान्स आदी देशांनी चांदीची नाणी पाडणे आखडले आणि जगाच्या बाजारात चांदीचा भाव घसरू लागला. चांदी घसरली तसा रुपयाही घसरला. १८७३–७४ साली रुपयाला बावीस पेन्सांहून थोडे अधिक मिळत होते, १८९२–९३ साली पंधरा पेन्ससुद्धा धड मिळेनात.

या घसरणीने सर्वांत मोठा आकांत सरकारने केला, कारण लष्कर, पेन्शने, रेल्वेच्या भांडवलावरील व्याज वगैरे ‘होम चार्जेस’चे देणे त्याला विलायतेत पौंडांत द्यावे लागे. १८७३–७४ मध्ये सुमारे एक कोटी तेहतीस लाख पौंड पाठवायला सव्वाचौदा कोटी रुपये लागले होते. १८९२–९३ मध्ये सुमारे एक कोटी पासष्ट लाख पौंडांसाठी साडेसव्वीस कोटी लागले. म्हणजे पौंडांचा आकडा चौथाईने वाढला आणि रुपयांचा जवळजवळ दुपटीला पोचला. हे रुपये येणार कुठून? जमीनमहसुलातून, मिठावरच्या करातून. मिठाचा कर भूमिहीन अस्पृश्यालाही चुकत नव्हता.

दुसरा आकांत गोऱ्या अधिकाऱ्यांचा होता. त्यांचा पगार रुपयांत, तर बायकामुलांचा आणि शाळांचा खर्च विलायतेत. त्यांनी अर्ज केले, सभा भरवल्या. १८९३ साली सरकारने त्यांना हुंडणावळीची नुकसानभरपाई म्हणून खास भत्ता मंजूर केला. हिंदुस्थानचे रहिवासी नसलेल्या नोकरांसाठीच तो होता. वाचकांनी हा भत्ता लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

मुंबईच्या गिरणीमालकांनी मात्र त्या काळात फारशी ओरड केली नाही. उतरत्या रुपयावर त्यांचे सूत चीनच्या बाजारात जोरात खपत होते. चीनही चांदीवरच होता, आणि सोन्यावर असलेल्या लँकेशायरचे सूत तिथे महाग पडू लागले होते. गिरण्यांमागून गिरण्या उभ्या राहिल्या. उतरता रुपया हे देशाला मिळालेले एक बक्षीसच आहे, असे तेव्हाचे व्यापारी आणि काही देशभक्तही म्हणू लागले.

बाबासाहेबांनी बोट ठेवले ते इथे. त्यांच्या मते हे बक्षीस परदेशाकडून आलेले नव्हते. रुपया स्वस्त झाला की देशातल्या किमती चढतात, पण मजुरी त्या वेगाने चढत नाही. मालक आपला माल चढ्या भावाने विकतो आणि मजुराला जुन्याच दराने पैसे मोजतो. त्याचा जादा नफा मजुराच्या मजुरीतून कापला गेलेला असतो. देशातल्या एका वर्गाने दुसऱ्या वर्गाकडून घेतलेल्या वसुलीला देशाचा फायदा म्हणणे ही फसवणूक आहे. १९२३ साली लंडनला प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हा विचार आकडेवारीच्या आणि सिद्धांताच्या भाषेत आहे. एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिताना बाबासाहेबांशी आपले मतभेद लपवले नाहीत, पण त्यांच्या विचारातला ताजेपणा मान्य केला. मला वाटते, हा ताजेपणा निव्वळ बुद्धीतून आलेला नव्हता. ज्याच्या समाजाला ‘देश’ या शब्दात कधी जागाच मिळाली नाही, त्याला तो शब्द ऐकताच त्याच्या आत कोण बसले आहे हे पाहायची सवय लागलेली असते.

१८९३ च्या जूनमध्ये हर्शेल समितीच्या शिफारशीवरून सरकारने टांकसाळी बंद केल्या. आता लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून मिळणार नव्हते. रुपयांची चणचण करून त्यांचा भाव चढवायचा हा हेतू होता, आणि काही वर्षांनी तो साधलाही. १८९९ मध्ये एक शिलिंग चार पेन्स हा दर कायम झाला. सरकारचे होम चार्जेस सावरले, अधिकाऱ्यांची मनिऑर्डर सावरली. चीनच्या बाजारातल्या मुंबईच्या सुताला मात्र या निर्णयाने धक्का दिला.

या व्यवस्थेची एक बाजू इतिहासाच्या पुस्तकात ओझरती येते. गरिबाची बचत बँकेत नव्हती, ती बायकोच्या हातापायांतल्या चांदीत होती. टांकसाळ उघडी होती तोवर तोळाभर चांदीला रुपयाच्या आसपास किंमत येत असे. टांकसाळ बंद झाल्यावर रुपया नाणे म्हणून सोळा आण्यांचाच राहिला, पण त्याच्यातली चांदी दहा-अकरा आण्यांवर उतरली. त्यानंतर १८९६–९७ चा आणि १८९९–१९०० चा असे दोन भीषण दुष्काळ आले. वाळे-तोडे घेऊन सोनाराकडे गेलेल्या कुणब्याला सहा आण्यांची कापणी सोसावी लागली, आणि ती कोणत्याही कायद्यात कर म्हणून लिहिलेली नव्हती. अस्पृश्यांच्या घरी तर चांदीसुद्धा बेताचीच, आणि कित्येक गावांत त्यांच्या बायकांनी बरा दागिना अंगावर घालायलाच मनाई. त्यामुळे त्यांचे नुकसान कमी झाले असे कोणी म्हणू शकेल. ज्याच्याजवळ विकायला काहीच नाही तो दुष्काळात कशाच्या आधाराने जगला, हे मात्र त्याला सांगावे लागेल.

पहिल्या महायुद्धाने सगळी घडी विस्कटली. चांदी महाग झाली आणि रुपयातली चांदी रुपयापेक्षा जास्त मोलाची होऊ लागली. सरकारला १९१७ च्या अखेरीस एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली आणि अमेरिकेकडून जहाजे भरून चांदी विकत आणावी लागली. युद्धात गिरण्यांनी अमाप नफा मिळवला. महागाईने कामगार मेटाकुटीला आला, आणि १९१९ व १९२० या दोन्ही वर्षांच्या जानेवारीत मुंबईत सार्वत्रिक संप झाले. रुपया चढत चढत १९२० च्या फेब्रुवारीत दोन शिलिंग आठ पेन्सांपर्यंत गेला. बॅबिंग्टन स्मिथ समितीने दोन शिलिंगांचा दर सुचवला. समितीतले एकटे हिंदी सभासद दादिबा दलाल यांनी भिन्नमत नोंदवले. सरकारने तो दर टिकवण्यासाठी लंडनवरच्या हुंड्या स्वस्तात विकायला काढल्या. साडेपाच कोटी पौंड खर्ची पडले, दर टिकला नाही, आणि त्या स्वस्त पौंडांचा लाभ ज्यांना विलायतेला पैसा पाठवायचा होता त्यांनी उठवला. चढत्या रुपयाच्या भरवशावर विलायती माल मागवून बसलेल्या व्यापाऱ्यांचे दिवाळे वाजायची वेळ आली. तेव्हा करार पाळायलाच त्यांच्यातल्या पुष्कळांनी नकार दिला. मोठ्या माणसाला एक सोय असते, नुकसान झाले की तो करार नाकारू शकतो.

याच १९२० च्या जुलैमध्ये बाबासाहेब आपले अपुरे शिक्षण पुरे करायला पुन्हा लंडनला निघाले. सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून वाचवलेले थोडे पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज, एवढी त्यांची शिदोरी होती. ती सगळी रुपयांत. रुपया दोन शिलिंगांचा असता तर हजार रुपयांचे शंभर पौंड होतात, एक शिलिंग चार पेन्सांचा झाला की सहासष्ट. त्या वर्षाच्या अखेरीस रुपया दीड शिलिंगाच्या आसपास आला आणि १९२१ मध्ये त्याच्याही खाली गेला. लंडनमधल्या कोणत्याही हिंदी विद्यार्थ्याच्या ताटातून हुंडणावळीने त्या वर्षी किती घास उचलले असतील, याचा हिशोब वाचकांनी करावा. रुपयावरचा प्रबंध त्याच काळात लिहिला गेला.

आता १९२५ कडे येऊ. रुपया पुन्हा चढून एक शिलिंग सहा पेन्सांवर पोचला होता आणि दर कोणता कायम करावा हा वाद पेटला होता. सरकारला एक शिलिंग सहा पेन्स हवे होते. मुंबईचे गिरणीमालक, कापसाचे व्यापारी आणि त्यांचे पुढारी पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांना एक शिलिंग चार पेन्स हवे होते. राष्ट्रीय वृत्तपत्रे बहुतांशी त्यांच्या मागे उभी राहिली. एक शिलिंग चार पेन्स म्हणजे देशभक्ती आणि एक शिलिंग सहा पेन्स म्हणजे लँकेशायरची गुलामी, अशी विभागणी झाली. दुसऱ्या आरोपात तथ्य नव्हते असे नाही. चढत्या रुपयावर विलायती कापड इथे स्वस्त पडत होते आणि सरकारचे होम चार्जेसही हलके होत होते. सरकारला मजुराची कणव आली होती असे कोणी समजू नये.

याच वर्षाच्या एप्रिलमध्ये बाबासाहेबांनी पुण्याच्या ‘सर्व्हंट ऑफ इंडिया’ साप्ताहिकात या प्रश्नावर लिहिले आणि डिसेंबरमध्ये हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. मांडणी जुनीच होती, फक्त आता ती थेट वादाच्या रणांगणात आली. खालचा दर म्हणजे देशात चढ्या किमती. चढ्या किमतींनी व्यापारी-उद्योजक वर्गाचे साधते आणि ठराविक मजुरीवर जगणाऱ्याचे पोट मारले जाते. म्हणून दर ठरवताना दोन्ही वर्गांचा तोल पाहिला पाहिजे. त्यांनी ना सरकारची री ओढली ना मिलमालकांची. दर थोडा उतरवायला त्यांची हरकत नव्हती, पण उतरवण्याला मर्यादा हवी आणि ती मर्यादा मजुराच्या भाकरीवरून ठरली पाहिजे, असा त्यांचा रोख होता. त्यांना खरी काळजी होती ती रुपयाच्या देशातल्या क्रयशक्तीची. सरकारच्या मर्जीने वाटेल तितके रुपये पाडता येऊ नयेत, त्यांच्या संख्येला कायद्याने बांध घालावा, हे त्यांचे मागणे होते. केन्सने १९१३ मध्ये वाखाणलेल्या पद्धतीशी त्यांचा विरोध होता तो यासाठी. पौंडाशी भाव स्थिर राहिला म्हणजे बाजारातला ज्वारीचा भाव स्थिर राहतो असे नाही.

ही साक्ष चालली होती त्या दिवसांत मुंबईत काय घडत होते ते पाहण्यासारखे आहे. सप्टेंबर १९२५ पासून गिरणीमालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात लादली होती. मंदी आहे, जपानची चढाओढ आहे, असे कारण दिले होते. कामगारांनी संप केला आणि तो अडीच महिन्यांच्या वर चालला. शेवटी सरकारने कापडावरची साडेतीन टक्क्यांची अबकारी जकात तहकूब केली, तेव्हा मालकांनी कपात मागे घेतली. म्हणजे किमती चढत होत्या तेव्हा मजुरी मागे रेंगाळली, पण मालकाला किमती उतरलेल्या दिसताच मजुरीवर त्याच वर्षी कुऱ्हाड आली. म्हणून एक शिलिंग सहा पेन्सांचा दर मजुराच्या हिताचा होता असेही मी सरसकट म्हणणार नाही. चढत्या रुपयात भाकर स्वस्त होते खरी, पण ती विकत घेण्यापुरती मजुरी हातात राहील याची हमी तो दर देत नाही. बाबासाहेबांच्या विवेचनाला इथे जोड द्यावी लागते, आणि ती त्या वर्षीच्या संपाने दिली.

मजूर म्हणजे एकसंध काही होते असेही नाही. गिरणीत अस्पृश्य कामगार बहुतेक रिंग खात्यात, कमी मजुरीवर. साच्याच्या खात्यात मजुरी बरी होती, पण तिथे त्याला प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्यामुळे सवर्ण विणकराला विटाळ होई. पुढे १९२८–२९ च्या संपांच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला, तेव्हा कामगार पुढाऱ्यांची पंचाईत झाली. हुंडणावळीचा फटका वरून खाली सरकत येतो, मालक तो कामगारावर ढकलतो, आणि कामगारांतही सगळ्यात खालच्या खात्यात कोण बसवायचा हे जातीने आधीच ठरवून ठेवलेले असते.

ठाकुरदासांच्या बाजूचा एक मुद्दा मात्र जड होता आणि तो टाळू नये. कर्जबाजारी शेतकऱ्याला उतरत्या किमती मारक असतात. सावकाराचे देणे आणि सारा रुपयांत ठरलेला, शेतमालाचा भाव पडला की तेच देणे फेडायला जास्त पोती विकावी लागतात. १९२९ नंतर जगभर मंदी आली तेव्हा हे भयानक स्वरूपात खरे ठरले. १९३१ साली सरकारने रुपया एक शिलिंग सहा पेन्सांवरच पौंडाला जखडला, आणि पुढच्या आठ वर्षांत तीनशे कोटी रुपयांहून अधिक किमतीचे सोने देशाबाहेर गेले. त्यात अडचणीपायी मोडलेले दागिने पुष्कळ होते. पण शेतकऱ्याचे नाव घेऊन मागितलेला खालचा दर शेतकऱ्याच्या हाती किती पोचला असता, आडत्या आणि सावकार यांच्या चाळणीतून किती गळला असता, आणि त्याच्या बांधावर राबणाऱ्या महार-मांगाच्या मजुरीत त्यातला छदाम तरी आला असता काय, हे त्या वादात कोणी विचारले नाही.

आयोगाने १९२६ मध्ये एक शिलिंग सहा पेन्सांची शिफारस केली. ठाकुरदासांनी भिन्नमत पत्रिका जोडली. मार्च १९२७ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात अगदी थोड्या मतांच्या फरकाने सरकारचा दर मंजूर झाला. त्याच मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले.

रिझर्व्ह बँकेची शिफारस याच आयोगाच्या अहवालातली, आणि कायदा १९३४ चा. आयोगापुढे पुष्कळांनी साक्षी दिल्या, त्यांतली एक बाबासाहेबांची. त्यांचा ग्रंथ व्यवस्थापित चलनावर अविश्वास दाखवणारा आहे, मध्यवर्ती बँकेचा आराखडा देणारा नाही. मी हे कार्यकर्त्यांच्या एका शिबिरात बोललो तेव्हा दोन तरुण नाराज झाले. त्यांची नाराजी मला समजते. पण दुसऱ्याच्या इमारतीवर बाबासाहेबांच्या नावाची पाटी लावून आपण त्यांनी स्वतः बांधलेली गोष्ट हरवत आहोत.

स्वतंत्र भारतात रुपयाचे अवमूल्यन १९४९ मध्ये झाले, १९६६ च्या जूनमध्ये झाले, १९९१ च्या जुलैत तीन दिवसांत दोनदा झाले. १९६६ मध्ये डॉलर एका रात्रीत चार रुपये शहात्तर पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. पुढे दर बाजाराच्या हाती गेला, आणि २०२२ मध्ये डॉलर ऐंशी रुपयांच्या पलीकडे गेला. प्रत्येक वेळी निर्यात वाढेल, देशाला फायदा होईल, हेच वाक्य छापून आले.

माझ्या गावी माझा चुलतभाऊ रोजंदारीवर जातो. खायच्या तेलातले निम्म्याहून अधिक तेल आपण परदेशातून आणतो, त्यामुळे डॉलर चढला की दुकानातली पिशवी चढते. डिझेलचेही तेच. मागच्या दिवाळीला घरी गेलो असताना माझ्या पगाराचा विषय निघाला. महागाई निर्देशांक वाढला की सरकार आमचा महागाई भत्ता वाढवते, वर्षातून दोनदा, असे मी सांगितले. १८९३ च्या गोऱ्या साहेबांचा भत्ता मला तेव्हा आठवला आणि मी जरा अडखळलो. भाऊ थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “दादा, मग आमचा निर्देशांक कोण बघतं?” शेतमजुरांसाठीही वेगळा निर्देशांक काढला जातो, दर महिन्याला प्रसिद्ध होतो, हे मला ठाऊक होते. मी त्याला तसे सांगितलेही. त्याने विचारले, “मग मुकादमाला तो कोणी दाखवला का?”